काही नेम नाही

वरळीच्या रेंजवर पहिल्या दिवशी
तांडेल सरांनी माझ्या तळव्यावर
एक काडतूस ठेवलं.
करंगळीच्या पेराएवढं. पॉइंट टू-टू.
"लवंगी फटाका," मी म्हणाले, आणि हसले.

सर हसले नाहीत.
डब्याची बाजू माझ्याकडे वळवली:
दीड मैलापर्यंत धोका.
"कोळीवाडा दीड मैलात येतो," ते म्हणाले.
"तिथे माझी आई बोंबील वाळवते."

मग शिकवलं.
हिची ठिणगी मधोमध नसते,
काठाच्या दुमडीत भरलेली असते,
म्हाताऱ्या बायका ओच्यात तपकीर ठेवतात तशी.
सुई काठाला टोचते, आणि बास.
शिशावर मेणाचा हात फिरवलेला असतो;
संध्याकाळी जेवताना भाताला तो वास यायचा.
एकाच कारखान्याची, एकाच वजनाची,
तरी एक लॉट माझ्या रायफलला मानवायचा
आणि दुसरा नाही, जशी मला वांगी.
पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ
सदऱ्याच्या बटणाएवढं.
समुद्रावरून वारा आला की झेंडी हलायची
आणि आम्ही थांबायचो. थांबणं हाच अर्धा नेम.

एकोणीसाव्या वर्षी मी
पाच गोळ्या एका भोकात घातल्या.
आठ आण्याच्या नाण्याखाली झाकलं गेलं सगळं.
तो कागद आईने देवघराच्या फळीला अंथरला,
तिला तो कोरा वाटला.

आता कलिन्याला, प्रयोगशाळेत, बावीस वर्षं.
मुलुंडहून लाखेची पाकिटं येतात.
या पाकिटात एक गोळी, एक रिकामी पुंगळी,
आणि वेगळ्या खोक्यात
बिअरची एक बाटली, अखंड.

कुणाच्या तरी पुतण्याने आजोबांची रायफल काढली,
कठड्यावर बाटली ठेवली.
जबाबात म्हणतो: नेम चुकला.

साडेतीनशे मीटरवर दुसऱ्या गच्चीत
विश्राम घाडीगावकर, वय एकावन्न,
पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह फिरवत होता.
ही गोळी आवाजाहून हळू चालते.
म्हणजे आवाज आधी पोचला.
त्याला वाटलं, पोरांनी लवंगी लावली.
त्याने मान वर केली.
मग ती आली.

गांधीलमाशी डसली म्हणून
त्याने शेजारणीकडे चुना मागितला.
स्वतःच लावला, बरगडीखाली.
सदऱ्यावर रक्त टिकलीएवढं.
अर्धा कप चहा घेतला, उरलेला
"नको, मळमळतंय" म्हणून परत दिला.
चार वाजता गेला.
शेजारणीचं वाक्य हवालदाराने जसंच्या तसं उतरवलंय:
दुपारी माझ्याशी बोलला,
माणसाचा काही नेम नाही हो.

मी गोळी तराजूत ठेवली.
निघताना असते दोन पूर्णांक सहा ग्रॅम.
आता दोन पूर्णांक चार.
बाकीचं कुठे राहिलं
त्याला माझ्या तक्त्यात रकाना नाही.
सूक्ष्मदर्शकाखाली पुंगळीचा काठ:
सुईचा व्रण, डावीकडे किंचित कललेला,
एखाद्याच्या सहीतल्या वेलांटीसारखा.

पडताळणीसाठी तीच रायफल हातात घेतली.
जुनी, पण चांगली. फार चांगली.
आजोबांनी नीट तेल घातलं असणार.
आमच्याकडे नमुन्याच्या गोळ्या
पाण्याच्या लांब टाकीत झाडतात,
पाणी तिला न दुखवता थांबवतं.

टाकीत नेम धरायची गरज नसते.
तरी मी गाल दस्त्याला टेकवला,
अर्धा श्वास सोडला,
थांबले.
झेंडी पडायची वाट पाहत
किती वेळ उभी होते कोण जाणे.
शेवटी सहायक म्हणाला,
"मॅडम, पाणीच आहे."