पिवळं पाणी

मुलीनं बादली घासून ठेवली होती.
आतून, बाहेरून, साबणानं,
बुडाच्या खाचेत बोट फिरवून.
आई तीन आठवड्यांनी येणार म्हणून.

बहिणीचं बाळंतपण उरकून
अस्कालेच देब्रे मार्कोसला परतली,
झाकण उचललं, वास घेतला.
लिंबाचा. साबणाच्या वेष्टनावर असतो तसल्या लिंबाचा.
मुलगी दारात उभी, शाबासकीची वाट बघत.
काय बोलणार?
‘छान घासलीस,’ म्हणाली.

बादलीच्या तळाशी नेहमी बोटभर उरायचं ते.
पिठावर साचणारं पिवळं पाणी, एर्शो,
गेल्या खेपेचं पुढच्या खेपेला राखलेलं.
आईनं दिलेलं. आईला तिच्या सासूनं.
आपण विरजण म्हणतो, त्याच्याच नात्यातलं,
फक्त दुधाशी ओळख नसलेलं.

तेफ तर घरात होतं.
खसखशीएवढा दाणा, हातातून पडला की गेला.
देसालेन्यनं बैलांच्या पायांखाली मळलेलं,
वाऱ्याला दाखवून पाखडलेलं,
दोन पोती गाढवावरून आणलेलं,
वर एक ओंजळ, वाटेत सांडलं असेल म्हणून.
गिरणीवाल्यानं चिमूटभर जिभेवर ठेवून
यंदाचं लाल तेफ गोड आहे, असा निकाल दिलेला.
एवढा सगळा खटाटोप
आता पोत्यात मुकाट बसून,
पेलाभर आंबट पाण्यासाठी अडलेला.

तिगिस्तकडचं संपलेलं.
कोपऱ्यावरची म्हातारी हल्ली विकतचीच इंजेरा खाते,
आणि ती कशी कागदासारखी लागते ते
ऐकवल्याशिवाय कुणाला सोडत नाही.
उरलं एक घर, कुंपणापलीकडचं.
वर्कनेशच्या धुराड्यातून सोमवारी धूर निघतो,
म्हणजे रविवारी तिच्याकडे असणारच.

वर्कनेशशी दोन वर्षं बोलणं नाही.
निलगिरीच्या एका झाडावरून.
झाड कुणाचं, हे झाडालाही सांगता आलं नसतं.
तोडलं कुणी, ते मात्र दोघींना ठाऊक.

जायचं असं ठरवलं नव्हतंच,
त्यामुळे हातात भांडं नव्हतं.
फाटकाशी उभी राहून
ती कोंबड्यांकडे बघत म्हणाली, ‘माझं गेलं.’
वर्कनेशनं कोण गेलं, असं विचारलं नाही.
आत गेली. निळ्या काठाचा, टवका उडालेला
एनॅमलचा पेला भरून आणला.
‘पेला परत कर.’
आणि वळता वळता, पाठमोरीच,
‘तुझ्याच आईचं आहे हे.
माझं नासलं होतं, त्या साली तिनं दिलेलं.’

तीन रात्री पीठ कुजबुजत होतं.
चौथ्या पहाटे मिताद तापला,
मोहरी कुटून त्यावर फिरवली,
बाहेरून आत, कडेकडेनं
धार वर्तुळात सोडली, आणि झाकण ठेवायच्या आधी
अस्कालेच वाकून बघत राहिली.
एक डोळा फुटला.
मग तीन. मग मोजता येईनात.
पहिली इंजेरा फाटली. पहिली फाटतेच.
मुलीनं ती गरम गरम शिरोत बुडवून खाल्ली
आणि बोटं चाटत विचारलं,
बादली आता कधी घासायची?

पेला परत गेला तेव्हा त्यात बेर्बेरे होतं.
रिकामं भांडं देऊ नये
हे तिला कुणी शिकवलं असेल, आठवत नाही.
आठवड्यानं तो आला, तळाशी मूठभर हिरवी कॉफी.
परत गेला, चार लसणीचे गड्डे.
नक्की कुणाचा, हे सांगणं आता
त्या झाडाइतकंच अवघड.

झाडाचा विषय निघालेला नाही.
बुंध्याला बाजूनं कोंब आलेत, पाच की सहा.
पाणी कुणी घालत नाही.
शेळीही तिथे कुणी बांधत नाही.