ब्याऐंशीला

एक्याऐंशीपर्यंत काही नाही.
ब्याऐंशीला काटा टेकला की
हँडल आधी कुजबुजतं,
मग मान हलवायला लागतं, नाही नाही नाही,
औषधाचा चमचा बघून तापलेलं पोर हलवतं तशी.

सावळेश्वरचा टोल मागे पडलेला.
डावीकडे तूर, पलीकडे रचलेला कडबा,
मागच्या सीटवर टॉवेलचे चार गठ्ठे
रबरी पट्ट्यांनी आवळलेले,
मोहोळच्या दुकानात बाराच्या आत पोचवायचे,
आणि माझ्या दोन मुठींत
एक पिसाळलेली गोष्ट.

मी धरलं. जीव खाऊन धरलं.
जितकं धरलं तितकं ते
कोपरांतून खांद्यांत, खांद्यांतून दातांत शिरलं.
पुढचा ब्रेक दाबला तेव्हा तर
चाकानं मला विचारायचंच सोडलं.
शेजारून ट्रेलर गेला.
त्याच्या वाऱ्याची चपराक अजून गालावर आहे.

कसं वाचलो?
घाबरून हात गळाले, गॅस सुटला,
आणि गाडी आपली आपण सरळ झाली.
हे मी घरी सांगितलं नाही.

अशोक चौकामागं अंबादास यन्नमचं गॅरेज.
आधी वीस वर्षं मागावर जॉबर.
कारखाना बंद पडला, पाने तेच राहिले.
त्याच्या हाताला कंप आहे, चहा बशीत सांडतो.
पाना धरला की नाही.

"किती स्पीडला?"
"ब्याऐंशी."
"आन् नव्वदला?"
"नव्वदपर्यंत जायला जीव कुठं होता?"
"जाऊन बघायचं की बे. कधी कधी जातंय ते."
कपानं बशी वाजली.
"कधी कधी माणूस."

गाडीखाली लाकडी ठोकळा सारला, पुढचं चाक अधांतरी.
"एका बोटानं फिरव."
डावीकडे गेलं, लोण्यासारखं.
उजवीकडे तसंच.
मधोमध, खट.
इतकं बारीक, की कानाला नाही, नखाला कळलं.

कोनसेट उघडला. गोळ्या डिझेलच्या डब्यात पडल्या.
रेस पुसून त्यानं उन्हात धरली:
कडेनं आरसा,
आणि एका ठिकाणी, ओळीनं,
मसुरीच्या डाळीएवढे खळगे.
"वळणावर नाही पडत हे. सरळ रस्त्यावर पडतंय.
रोज सरळच जातोस ना?
एकाच जागी बसून बसून पडलेत."

अकरा वर्षं. सोलापूर, मोहोळ, सोलापूर.
मी काही बोललो नाही.
त्यानं ग्रीस लावलं, नवी रेस ठोकून बसवली,
नट फिरवला, थांबला, पाव आटा मागे घेतला.
"लई आवळलं तर गाडी डुलतीय,
सैल सोडलं तर थरथरतीय.
ताण्याचं सूत असंच बोटानं छेडून बघायचो."
आणि ग्रीसचं बोट हवेत
नसलेल्या सुतावरून फिरवलं.

टायरची हवा बघितली, शिवी दिली, भरली.
"गठ्ठे पुढं ओढ. पार टाकीला टेकव.
बूड जड झालं की तोंड हलकं पडतंय."

"आणि परत झालं तर?"

"तर धरू नको.
टाकी गुडघ्यानं धर, अंग पुढं घे, गॅस हळू सोड.
ब्रेक विसर.
हँडल असं धर,
तव्यावरची भाकरी उचलतोस तसं.
सोडायची नाही, दाबायची बी नाही."

साडेसहाशे झाले. पन्नास सोडले त्यानं.

दुसऱ्या दिवशी टोलच्या पुढं
मुद्दाम ब्याऐंशीला नेऊन ठेवली.
काटा टेकला.
तूर तीच, कडबा थोडा खाली गेलेला.
काही नाही.
चाक रस्त्यावर धावत होतं, बस.
पंच्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. एक एसटी मागे पडली.

मुठी मात्र तशाच आवळलेल्या,
बोटांची पेरं पांढरी.
गाडीला काही म्हणायचं नव्हतं,
तरी मी नाही नाही धरून बसलेला.

करंगळी सुटली पाकणीच्या
परतीच्या वाटेवर, तेव्हा चार वाजले होते.
बाकीची अजून
एकेक करून शिकताहेत.