इतिवृत्त

सभा सात वाजता सुरू झाली.
बाहेर उणे अठरा. खिडक्यांना आतूनही बर्फ.
हजर पाच सदस्य, एकशे चौदा नागरिक,
आणि मी, डोरीन हाल्व्हरसन, टिपण घेणारी,
जिला मत नसतं.

ठराव एकोणीस: घरातली बंदूक कुलपात ठेवावी.
एवढंच वाक्य. त्याला नऊ पोटकलमं.

प्रत्येकाला तीन मिनिटं.
माझ्याजवळ स्वयंपाकघरातलं घड्याळ असतं,
कोंबडीच्या आकाराचं, वेळ झाली की किणकिणतं.
पहिल्या वर्षी लोक त्याला हसायचे.

ऑरिन ट्वेट टोपी हातात घेऊन उभा राहिला.
म्हणाला, शेरीफची गाडी माझ्या दारापासून
चाळीस मिनिटांवर, तेही रस्ता साफ असेल तर.
चोर उंबऱ्यात आणि मी काय
कुलपाचे आकडे आठवत बसू?
टाळ्या. टाळ्या मी लिहीत नाही.

शाळेच्या संगीतशिक्षिका, मिस प्रूडम, म्हणाल्या,
सराव असतो तेव्हा आम्ही दिवे घालवतो.
एकवीस मुलं पियानोमागे बसतात.
परवा एकीनं विचारलं,
पियानो किती जाड असतो?
मग त्यांनी कागद उलटला, मागची बाजू कोरी होती,
तरी त्या वाचत राहिल्यासारख्या उभ्या.

टू पाओ व्हांग, औषधाचं दुकान.
माझ्या बापाच्या हातात बंदूक दिली, तीही लोकांनीच,
काढून घेतली तीही लोकांनीच,
गाव दोन्ही वेळा जळलं.
मी कुणाच्या बाजूनं बोलतोय, मला माहीत नाही.
बसला. त्याची दोन मिनिटं शिल्लक राहिली.
ती कुणाला द्यायची, नियमात नाही.

मागून कुणीतरी ओरडलं, पुढून कुणीतरी उत्तर दिलं,
एक खुर्ची पडली.
मी लिहिलं: गदारोळ.
चार अक्षरांत बसला सगळा.

निर्णय पुढच्या सभेत.
नऊ वाजून दहा मिनिटांनी मी कोंबडी पर्समध्ये टाकली
आणि गाडीची काच खरवडायला लागले.

जे लिहिलं नाही ते असं:
नोव्हेंबरात एका रात्री लाइल बोळात उभा होता,
पायजमा, अनवाणी, हातात हरणाची रायफल.
नळी माझ्याकडे नव्हती, जमिनीकडेच होती,
इतकी शिस्त अजून हातात होती त्याच्या.
अगदी नम्रपणे त्यानं विचारलं,
बाई, तुम्ही कोण?
चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच
त्यानं मला अहोजाहो केलं.

तळघरातल्या तिजोरीचा आकडा आमच्या लग्नाची तारीख होती.
दुसऱ्या दिवशी मी तो बदलला.
नवा कुठंही लिहून ठेवलेला नाही.
रोज जेवण झालं की तो खाली जातो,
चकती फिरवतो, तीच तारीख,
थांबतो, पुन्हा फिरवतो.
त्याला वाटतं आपणच विसरलो.
मी त्याला तसं वाटू देते.

याला काय म्हणतात, मला ठाऊक नाही.
हक्क काढून घेणं म्हणतात बहुतेक.
ऑरिन तेच म्हणाला असता, आणि त्याचं चुकलं नसतं.
मिस प्रूडमनी माझा हात हातात घेतला असता,
तोही मला नको होता.

घरी पोचले तेव्हा खालून आवाज येत होता,
टक टक टक, मग शांत, मग टक टक.
मी बूट काढले. सूप गरम करायला ठेवलं.
तो वर आला, हात पुसत, हाताला काही लागलेलं नसताना.
काय होतं आज सभेत?
नाल्याचं काम, मी म्हटलं. बर्फाचा नांगर.
ऑरिन बोलला असेल.
बोलला.
त्याच्या बायकोचं पातेलं आपल्याकडे राहिलंय, लाइल म्हणाला,
निळं, झाकण नसलेलं,
परत द्यायला हवं.

खरंच राहिलंय. मी विसरले होते.