एकोणीस खुर्च्या

कॅम्पात, टायरच्या दुकानावर, लोखंडी जिना.
माझा डबल बेस उभा नेता येत नाही,
आजारी माणसासारखा आडवा उचलावा लागतो.
पायाकडून मी, डोक्याकडून फिरदोस,
आणि वळणावर दर शुक्रवारी तोच संवाद :
"तुझ्याकडनं वर घे."
"अरे, माझ्याकडनं भिंत आहे."

वर एकोणीस खुर्च्या. विसावा माणूस
फ्रिजला टेकून उभा राहतो.

स्टेज म्हणजे एक सतरंजी.
तिच्यावर ड्रम, रुबीनाचा कीबोर्ड, मी,
आणि मेल्विनच्या सॅक्सोफोनचं तोंड
थेट पहिल्या टेबलावरच्या शेंगदाण्यांवर.
हात जरा मोकळा सोडला की माझं कोपर
कुणाच्या तरी चष्म्याला लागतं.
माफी तोच मागतो.
मी वाजवता वाजवता मान हलवतो,
त्याला वाटतं, दाद दिली.

मोठ्या हॉलात वाजवलंय मी. लग्नांतही,
पाहुण्यांची पाठ आमच्याकडे, तोंड पनीरकडे.
तिथे सूर जातो तो जातोच.
इथे तार दाबली
की समोरच्या बाईच्या ग्लासातलं पाणी थरथरतं.
ती ग्लासावर तळहात ठेवते.
काढत नाही.

बाणेरेकाका येतात रास्ता पेठेतून, स्कूटरवर, मफलर बांधून.
जन्मभर तबला ऐकलेला माणूस.
आमचा जोर दोनवर नि चारवर, ते शोधतायत सम.
मांडीवर बोटं मोजतात, चुकतात,
आणि असं बघतात
जणू आम्हीच ती लपवून ठेवलीय.

परवा मेल्विनचा सोलो चालला होता, हळू,
फिरदोसचे ब्रश, सुपात तांदूळ सरकावेत तसे,
आणि फ्रिज थांबला.
बिघडला नाही, दमून थांबतात तसा थांबला आपला.
तेव्हा कळलं, संध्याकाळभर आम्ही
त्याच्याच सुरात लावलं होतं सगळं.
मेल्विनने फुंकर अर्धी ठेवली.
कोणी खोकलं नाही.
मी गज उचलला, तोच सूर धरला,
गेलेल्याच्या जागी पाट मांडावा तसा.
मग मेल्विन परत आला. रुबीना. फिरदोसही, दबकत.
आणि बरोबर एकवर
फ्रिज धडधडून सुरू झाला.

"आली!" काकांनी मांडीवर थाप मारली, "आली बघा!"

हसू आवरेना. वाजवायचं मात्र कुणी थांबलं नाही.

रात्री एक वाजता खिशात प्रत्येकी तीनशे ऐंशी,
पोटात ऑम्लेट,
आणि उद्या साडेनऊला बँकेत
फोड आलेल्या याच बोटाने नोटा मोजायच्या.
पायाकडून फिरदोस, डोक्याकडून मी.
खालच्या पायरीवर कुत्रं झोपलेलं.
वळणावर फिरदोस म्हणाला, "तुझ्याकडनं वर घे."
अगदी हळू,
ते उठू नये म्हणून.