सोळावा रकाना

छापील कागदावर सोळा रकाने.
उंची, वजन, डावा पाय, उजवा पाय,
वीस मीटर, पन्नास मीटर,
स्वभाव (इथं मी नेहमी ‘बरा’ लिहितो).
सोळावा यंदा नवा आलाय:
पिढीतून एकदाच होणारा खेळाडू आहे का?
हो. नाही. एकावर खूण करा.

मी डिचोलीचा. पोटासाठी साष्टी पालथी घालतो,
स्कूटरच्या डिकीत छत्री, स्टॉपवॉच, पित्ताच्या गोळ्या.
एकतीस वर्षं बांधावर उभा राहून पोरं पाहतोय.
भात कापून झालं की कुडतरीच्या शेतात
बांबूचे गोल उभे राहतात.
धसकटं पायात घुसतात, चेंडू कुठंही उडतो,
म्हणून इथली पोरं तो हवेतच ठेवायला शिकतात.
याला रकाना नाही.

‘पिढीतून एकदाच’ हे मी सात वेळा ऐकलंय,
दोनदा स्वतःच बोललोय.
पहिल्यांदा सांतान कुलासोबद्दल.
कॉर्नरवरून थेट गोल मारायचा, वाऱ्याला विचारून.
आता जहाजावर कांदे सोलतो.
नाताळात भेटला की गुडघा दाखवतो,
नवं घर दाखवावं तसा:
इथं पहिलं ऑपरेशन, हे इथं दुसरं.
दुसऱ्यांदा बांदोड्याचा शाणू गावकर.
कोलकात्यात एक अख्खा हंगाम,
बाकावर.
परतला, बँकेत चिकटला, मुलगी दहावी झाली.
रस्त्यात दिसलो की हसून हात करतो.
त्या दिवशी मला जेवण जात नाही.

आज आवेलिनो.
पंधरा वर्षं, दात पुढे, बूट थोरल्या भावाचे,
टोकात वर्तमानपत्र कोंबलेलं.
तिघं अंगावर आले तेव्हा तो थांबला.
नुसता थांबला,
आणि ते तिघं आपल्याच वेगानं पुढं निघून गेले
जसं पाटाचं पाणी...
नाही, उपमा नको. थांबला, एवढंच.
माझा अंगठा स्टॉपवॉचवर होता, दाबायचा राहिला.

“पळय,” पिएदाद सर कानाशी म्हणाले,
“असो परत मेळचो ना.”
आठव्यांदा.

त्याची आई मडगावला मिरच्या विकते.
पदरानं हात पुसत तिनं एवढंच विचारलं,
गुडघ्याचे पैसे कोण भरतं?
मी कागद उलटापालटा केला.

मग सवयीनं मैदानावरची डोकी मोजली.
नऊ.
त्यात गोलकीपर रायचा, उसना.
बचावाला कुणाचा तरी बाप, चपला घालून.
“बाकीचे?”
“स्विंडनला.”
जुवांव, फ्रान्सिस्कीन, मेंडिसांची जुळी.
पोर्तुगालचे कागद झाले तसे गेले,
गोदामात रात्रपाळी,
रविवारी ओल्या गवतावर पाच-पाच जणांचा खेळ.
“आणि हा?”
“आज्याची जन्मनोंद मेळना. म्हणून आसा.”

पिढीतून एकदाच म्हणे.
अहो, पिढी कुठाय?
याच बांधावर बदली पोरांची रांग चिंचेपर्यंत जायची.
सांतानला सांतान केलं त्या रांगेनं,
त्याच्याहून बोटभर कमी असलेल्या दहा जणांनी,
जे त्याला रोज पाडायचे
आणि ज्यांची नावं मी लिहून घेतली नाहीत.
याला कोण पाडणार?
चपला घातलेला बाप?

‘स्वभाव’ समोरचं ‘बरा’ खोडलं.
लिहिलं: थांबतो.
सोळावा तसाच ठेवला. ऑफिसातून फोन येईल,
येऊ दे.

कपेलची घंटा झाली तशी पोरं जागच्या जागी उभी राहिली,
माना खाली.
चेंडूला कुणी सांगितलं नव्हतं,
तो घरंगळत माझ्या पायाशी आला.
मी परत मारला. वाईट मारला, डावीकडे, उंच.
आवेलिनोनं कपाळावरचा हात तसाच ठेवून
मांडीवर झेलला, खाली उतरवला, गप्प केला.
डोळे मिटलेले होते की उघडे,
अंधारात दिसलं नाही.