क्ष

किसननगरला, तिसऱ्या गल्लीत,
खिमजीशेठच्या दुकानात मी रद्दी निवडते.
पांढरा कागद एकीकडे, वर्तमानपत्र एकीकडे,
पुठ्ठा मागे, भिजलेलं सगळ्यात मागे.

सहावीत शाळा सुटली तेव्हा
आई एवढंच म्हणाली,
वैजू, दप्तर धुऊन ठेव, धाकट्याला होईल.
धुतलं. त्याला झालं.

नववीचं बीजगणित मला पांढऱ्यात सापडलं.
पुढचं कव्हर नव्हतं, मागची उत्तरंही नव्हती,
कुणीतरी शेंगदाण्याच्या पुड्या बांधल्या असणार
उत्तरांच्या.
शेठ म्हणाला, दोनशे ग्रॅम, दोन रुपये,
पगारातून कापतो.

पहिल्याच पानावर क्ष.
आमच्या वेळी क्ष क्षत्रियाचा होता,
मिशा, तलवार, सगळं.
हा रिकाम्या हातांनी उभा,
कुणीतरी ओळखावं म्हणून.
तीन क्ष अधिक पाच बरोबर वीस.
आठ दिवस त्याच्याकडे नुसती बघत होते,
चाळीत नवीन बिऱ्हाड आल्यावर बघतात तशी.

मग एका दुपारी वजन करताना कळलं,
अगं, बरोबर म्हणजे काटा.
इकडून पाच काढलेस तर तिकडूनही काढ,
नाहीतर पारडं बोलतं.
पुठ्ठ्यावर लिहिलं, क्ष बरोबर पाच,
आणि खरं का ते बघायला पुस्तक उलटं केलं.
मागे पानच नाही.
तेव्हा तो पाच परत आत घालून पाहिला.
बसला.

विचारायला कोणी नव्हतं,
म्हणून घालून बघायची सवय लागली.
चुकलेलं पुठ्ठ्यावर, जमलेलं वहीत.
माझ्या चुका
गठ्ठ्यागठ्ठ्यांनी वापीच्या मिलला गेल्या.

वागळेतली कंपनी बंद पडली तेव्हा
नवरा गावी गेला, पैसे घेऊन येतो म्हणून.
तोही एक क्ष.
तो मी सोडवत बसले नाही.
पोरगी झोपली की मोरीतल्या दिव्याखाली
वर्गसमीकरण घेऊन बसायचे. सात महिने गेले त्यात.
एकदा नुसता 'अक्षर' शब्द लिहिला सहज,
तर त्याच्या पोटातही हाच बसलेला.

मग मिठाची किलोची पिशवी आणली
आणि शेठच्या किलोच्या वजनासमोर ठेवली.
वजन खाली गेलं.
पिशवीवर पाचाची जुनी नाणी ठेवत गेले,
नवव्या नाण्याला काटा मधोमध.
एका नाण्याचे नऊ ग्रॅम, रद्दीतच वाचलं होतं.
म्हणजे प्रत्येक किलोमागे एक्याऐंशी,
पिशवीचं प्लास्टिक धरलं तर जास्तच.
शेठला हिशेब दाखवला, वर्षाचा.
तो पुष्कळ वेळ सुपारी कातरत राहिला.
दुसऱ्या दिवशी वजन बदललं.
माझा रोजही बदलला,
वीस रुपयांनी खाली.

सतरा नंबरचा फॉर्म भरला.
परीक्षेच्या हॉलवर शिपाई म्हणाला,
पालकांनी गेटबाहेर थांबायचं.
मी हॉलतिकीट दाखवलं,
तर फोटो बघून म्हणाला, बहीण का?
गणितात एकाहत्तर पडले.
इंग्रजीत चौतीस.
एका मार्काने राहिले,
आणि तो कुठल्या बाजूचा काढून
कुठल्या बाजूला घालायचा,
ते बीजगणितात नाही.
जुलैला परत बसते आहे.

काल एक मुलगा पुस्तकं घालायला आला.
त्यात तेच बीजगणित, कव्हरासकट,
शेवटची पानं शाबूत.
हात जरा थरथरला, खोटं कशाला सांगू.
घरून वही आणली, एकेक ताडत गेले.
सगळी जुळली. एक सोडून.
संच सहा, आठवं उदाहरण,
माझं तीन, पुस्तकात उणे तीन.

दोन्ही घालून पाहिले.
पुस्तकाचं बसलं नाही.
पुन्हा पाहिलं. नाहीच बसलं.

पेनाने दुरुस्त केलं,
मग काट्यावर ठेवलं.
सव्वादोनशे ग्रॅम.