परातीची कड

शुक्रवारी सनायातलं स्वैपाकघर दहाला उघडतं.
बारा शेगड्या. त्यातल्या सात पेटतात,
आणि सातांतली एक नुसती कडेकडेनं.
तिच्यावर वुनपिनी पातेलं ठेवतो,
भांडत नाही.
मी त्याच्या शेजारी.

पीठ दोघांत मिळून घेतलेलं, सुदानी दुकानातून.
पिशवीवर काय लिहिलंय कुणाला ठाऊक,
चिमूटभर जिभेवर टाकली तेव्हा कळलं
ज्वारी.
मी म्हणालो, ही आमची.
तो म्हणाला, ही आमची.
दुकानदारानं दोघांचं ऐकून घेतलं,
म्हणाला, अकरा रियाल.

तो हाटतो.
आधी पातळ पेज, मग वरून मूठमूठ पीठ,
लाकडी दांडा असा फिरतो
की बनियनमधून खांद्याचं हाड वर येतं.
येंदीच्या पुढं, त्याच्या गावात, हे बायांचं काम.
आई दोन्ही पावलांत मडकं धरून बसायची
आणि पोरांना चुलीपाशी फिरकू द्यायची नाही.
आता फोनमधून ओरडते,
तिची भाषा मला येत नाही, तरी कळतं:
घट्ट! अजून घट्ट!
माझ्या फोनात जिंतूरहून बहीण,
आधी पाण्याचा हात, मग उलट,
अरे, मग उलट!

कालवणाचा पाला इजिप्तचा, बर्फाची वीट करून विकतात,
शिजला की भेंडीसारखी तार धरतो.
त्यात तो काळी गोळी कुस्करतो,
कसल्याशा झाडाच्या बिया, कुजवून वाळवलेल्या.
माझ्या पिशवीत सुकट.
भिंतीवर नोटीस आहे:
उग्र वासाचे पदार्थ शिजवू नयेत.
चार भाषांत आहे,
आमच्या दोघांच्या सोडून.

(अंबाडीची आम्ही भाजी करतो, भाकरीशी.
तो तिची लाल बोंडं उकळतो, साखर घालतो
आणि बाटलीत भरून मचाणावर नेतो.
मी दोन वर्षं समजत होतो, औषध घेतोय.)

खोलीत, खाटांच्या मधल्या जागेत, परात एकच.
मी माझी ताटली काढली.
त्यानं ताटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.
आजारी आहेस?

काय सांगू.
आमच्या गावी हॉटेलच्या वळचणीला
एक कप उलटा टांगलेला असायचा,
तो आमच्या आळीचा. पिऊन झालं की
आपणच विसळायचा, आपणच टांगायचा.
आजा सांगायचा, बापही सांगायचा, हात आवर.
दुसऱ्याच्या भांड्याजवळ गेलेला हात
आपोआप मागे येतो माझा, अजून.
तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणालो, आदत है.

त्याला ते पटलं की नाही, कळलं नाही.
ताटली उचलून त्यानं खाटेखाली सरकवली,
चपलांच्या शेजारी,
आणि कायदा सांगितला, बोटं मोजत:
मोठ्यानं आधी हात घालायचा.
आपल्या समोरचंच खायचं.
मटणाला शेवटपर्यंत शिवायचं नाही, ते मोठा वाटणार.
आणि सगळ्यांत लहान जो, त्यानं
डाव्या हातानं भांड्याची कड धरायची,
भांडं हलू नये म्हणून.

मग मोठा कोण?
पासपोर्ट काढले.
त्याचा जन्म एक जानेवारी,
माझा एक जून, गुरुजींनी घातलेला.
साल एकच.
दोन्ही तारखा खोट्या, हे दोघांनाही माहीत.
तो पाच महिन्यांनी मोठा निघाला
आणि मांडी ठोकून हसला.

मटणाचे तुकडे तीन होते. एक त्यानं
रात्रपाळीवरून येणाऱ्या खोटांगसाठी झाकून ठेवला,
तो उठून खाईल चारला, थंडच.

ज्वारीचा तो पांढरा डोंगर वाफाळत होता,
भोवती हिरवं कालवण, बुळबुळीत.
परात चांगलीच तापलेली.
मी कड धरली.
पहिला घास त्यानं घेतला, चावला नाही, गिळला,
आणि माझी वाट बघत बसला.

मला जरा वेळ लागला.